नाताळचा पाळणा

डिसेंबर लागला की आमच्या वस्तीत चुन्याचा वास सुटतो. नाताळ जवळ आला म्हणून भिंती पांढऱ्या करायच्या, अंगणं सारवायची, दाराच्या चौकटीला गेरू लावायचा. पोरं चुन्याच्या बादलीभोवती नाचतात आणि आया त्यांच्यावर ओरडतात. मला मात्र तो वास आला की मी अंगणातून उठून आत जातो. चुना नाकात गेला, असं मी घरात सांगतो. बायको ते ऐकून घेते. वास तिलाही येतोच.

हाच काळ कपाशीचा. डोणगावकडून येणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. बैल नाकातून वाफा सोडत उभे असतात, गाडीवान रस्त्याच्या कडेला काड्याकुड्या पेटवून हात शेकतात. मी जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावरचा कारकून. भरली गाडी तोलायची, मग रिकामी तोलायची, आणि दोन्हींतला फरक तो कापूस. इतकं साधं काम आहे. पण माझी असेल ती अक्कल त्या कामातूनच आली, आणि थोडा स्वभावही. कुणी मोठा शब्द उच्चारला की मला तो काट्यावर घालून पाहावासा वाटतो. त्यात माल किती आणि नुसती गाडी किती?

ज्या हंगामाविषयी मी लिहितो आहे, तेव्हा महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते. आमचे मिशनचे गोरे साहेब आणि मडमबाई आपल्या देशाला परत गेले होते, आणि आमच्या लहानशा चर्चचा कारभार पहिल्यांदाच आमच्या माणसांच्या हाती आला होता. आता आपलं आपण बघायचं, असं वडीलधारे छाती काढून म्हणत. मलाही ते ऐकून बरं वाटे.

त्या चर्चमध्ये एक रीत होती. नाताळच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, मधल्या आढ्याला एक पाळणा टांगत. मंडळीत, म्हणजे चर्चच्या कुटुंबांत, त्या वर्षी जे सगळ्यांत धाकटं लेकरू असेल त्याच्या घरून तो मागून आणत. शांतवनकाका हे आमचे वडील पंच. ते स्वतः त्या घरी जात आणि दारात उभे राहून म्हणत, "प्रभूसाठी पाळणा द्या हो, माय." घरधनीण तो धुऊन पुसून देई. पुढं वर्षभर त्या घराला त्याचा मान राही. चर्चमध्ये पाळणा टांगला की त्यात नुसतं पांढरं फडकं अंथरत. बाहुली ठेवायची नाही, ती मूर्ती होईल, अशी मडमबाईंनी अट घातली होती. त्यामुळं पाळणा रिकामाच असे. आया एकेक करून पुढं येत, दोरीला एक झोका देत, आणि सगळ्या बाया मिळून गाणं म्हणत. ते गाणं कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. आमच्याच आज्या-मावश्यांनी जात्यावर जुळवलेलं:

जो जो रे बाळा, गोठ्यातल्या राजा,
गारठा लय झाला, आमच्या घरी ये जा.

लहानपणी ते ऐकताना मला वाटे, देवाला थंडी वाजून राहिली आहे आणि कुणीतरी त्याला घोंगडी द्यायला हवी. मोठेपणी कळलं की आमच्या धर्मातली मोठी गोष्ट हीच आहे. देव वर बसून हुकूम सोडत राहिला नाही. ज्याला थंडी वाजते, भूक लागते, ताप भरतो असं अंग घेऊन तो आला. बाहेरच्यांना नाताळ म्हणजे चांदणीचा कंदील आणि करंज्या. करंज्या आमच्याही घरी होतात. पण आमच्यासाठी त्या दिवसाचा अर्थ एवढाच आहे की देवानं मरू शकणारं शरीर पत्करलं. शब्द फार मोठा आहे. मी तो तोवर कधी काट्यावर घातला नव्हता.

त्या वर्षी मंडळीतलं धाकटं लेकरू आमचं होतं. दोन मुलांवर झालेली मुलगी, कृपा. जिनातून घरी येताना माझ्या केसांत, भुवयांत कापूस अडकलेला असे. मला तसा पांढरा पाहून ती आधी ओठ काढी, मग आवाज ओळखून हसे. तिचा पाळणा बाभळीचा, माझ्या सासऱ्यांनी सुताराकडून करवून घेतलेला. त्याच्या कठड्यावर थोरल्या मुलाच्या दातांचे वण होते. कितीही धुतला तरी त्याला मुताचा, तेलाचा आणि ओव्याच्या धुरीचा वास येई.

"प्रभूले चालन ना असा?" माझी बायको मार्था दिवाळीपासूनच विचारू लागली होती.

आमच्या वस्तीला लागून गोदाबाईचा भाजीचा मळा आहे. ती मेथीची जुडी देता देता हसली. "तुमचा देव गोठ्यात झाला म्हणता ना वो? मंग त्याले काय वास येऊन राह्यला!"

नाताळ जवळ आला असताना एकाएकी थंडी वाढली आणि कृपाची छाती भरली. शेजारच्या बाया म्हणाल्या, पोटात डबा आला, तापल्या सळईनं डाग द्या. आम्ही दिला नाही. असल्या गोष्टी आमच्या घरात आजोबांच्या वेळेपासून बंद होत्या. जिनातून रिकामी परतणारी एक गाडी मिळाली, तिच्यातून पोरीला तालुक्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी करायचं ते केलं. परत येताना मार्थानं तिला पदराखाली घट्ट धरलं होतं, गार लागू नये म्हणून.

नाल्यापलीकडं आमचं कब्रस्तान आहे. त्या दिवसांत तिथली काळी माती वरून भेगाळलेली आणि आत चिवट असते. शांतवनकाकांनी स्वतः कुदळ धरली. म्हातारा माणूस, धापा टाकत म्हणाला, "लेकरू प्रभूच्या मांडीवर हाय, दाविद. तुह्या घरापेक्षा उबेत हाय." तेवढंच वाक्य धरून मी घरी आलो.

घरात पाळणा तसाच टांगलेला होता. काढून ठेवा, असं कुणीतरी म्हणालं. मार्थानं काढला नाही. एका सकाळी मी कामावर निघालो तर ती तो अंगणात उतरवून राखेनं घासत बसली होती.

"काय करून राह्यली?" मी विचारलं.

"काका येतीन ना मागायले." ती वर न बघता म्हणाली. "धुतलेला बरा."

मी तिथंच उभा राहिलो.

"मंडळीत सगळ्यात धाकटी थेच होती," ती म्हणाली. "आता तं धाकटीच राहीन. मोठी होणारच नाई."

तिला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं. भेटायला येणाऱ्या बायांच्या गळामिठ्यांनी ती कंटाळली होती. तिला तो पाळणा चर्चच्या आढ्याला टांगलेला पाहायचा होता. सगळ्या आयांनी त्याला एकेक झोका द्यायला हवा होता. आपल्या मुलीची जागा देवाच्या घरात अजून आहे, हे तिला सगळ्यांच्या हातांनी कबूल करून घ्यायचं होतं. शब्दांनी तर सगळेच कबूल करत होते.

काका आले नाहीत. पाळणा एस्तरच्या घरून मागितला आहे, असं आम्हाला बाहेरून कळलं. एस्तर वस्तीच्या टोकाला राहायची. तिचं पहिलंच बाळ, आमच्या कृपाहून मोठं.

मी शांतवनकाकांकडं गेलो. ते ओट्यावर उन्हात बसून खंजिरीचं चामडं तापवत होते. हाच माणूस डोणगावच्या बाजारात खंजिरी वाजवत उभा राही आणि लोकांना सांगे, "मांजर आडवं गेलं? जाऊ द्या ना बाप्पा! त्याले त्याचं काम असन. तुमचं काय घेऊन गेलं थे?" लोक हसत, थांबत, ऐकत. लहानपणी मी त्यांच्यामागं टाळ वाजवायला असे.

"काका, पाळणा न्यायले आले नाई," मी म्हणालो.

"बस दाविद. चहा घे."

"चहा राहू द्या. काऊन नाई आले?"

त्यांनी खंजिरी बाजूला ठेवली. "कसं सांगू तुले? मी नाई मानत रे बाप्पा. मले सगळे पाळणे सारखे. पण बाया भेतात. लेकुरवाळ्या हायेत, त्या दोरीले हात लावाले भेतीन."

मी पाळकसाहेबांकडं गेलो, तेव्हा मार्थाही बरोबर आली. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, तरुण होते, शहरात शिकून आलेले, बोलणं अगदी मऊ. ते म्हणाले, "मी स्वतः हे मुळीच मानत नाही. पण मंडळीच्या भावना जपाव्या लागतात. त्यातून हा आनंदाचा सण."

मार्था पदर डोक्यावर घेऊन दाराशी उभी होती. "साहेब, एक विचारू?"

"विचारा ना, बाई."

"दरसाल पोरं देखावा करतात. घोंगड्या पांघरून मेंढपाळ येतात, ग्यानी लोक येतात, सोनं ठेवतात, आन् मंग टाळ्या. पुढचं पान काऊन नाई वाचत?"

"कोणतं पान?"

"प्रभूच्या भेवानं राजानं त्याच्या गावातले सारे तान्हे लेकरं मारून टाकले, थे. त्यायच्या घरीबी पाळणे होतेच ना? थे कोणं मागितले?"

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "तो भाग आपण नंतर घेतो, बाई."

"कवा?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि आपण प्रार्थना करू या, असं म्हणाले. आम्ही डोळे मिटले.

घरी येताना ती माझ्या दोन पावलं पुढं चालत होती. मग म्हणाली, "ज्याच्यासाठी पाळणा टांगून राह्यले, त्याच्याबी मायनं त्याले पुरलंच ना? मंग तिच्या घरचाबी अपशकुनीच झाला."

वाटेत विहिरीवर मंडळीतल्या दोघी भेटल्या. त्यांनी आपणहून विषय काढला. "आमचं काई नाई वो मार्थाबाई, आम्ही कुठं मानतो? पंचायनं ठरवलं म्हणतात." मी मनात हिशेब केला. काका मानत नव्हते, पाळक मानत नव्हते, बाया मानत नव्हत्या. मानणारा एकही माणूस सापडला नाही, आणि पाळणा घरीच राहिला.

दुसऱ्या दिवशी गोदाबाई वांगी घेऊन आली. अंगणात पाळणा दिसल्यावर दचकली. "आमच्यात असा पाळणा घरात ठेवत नाई, माय. नदीत सोडतात. पण तुमचं बरं हाय, तुमच्यात असलं काई नसते. कवा नेतात?"

"नाई नेत," मार्था म्हणाली.

"काऊन वो?"

मार्थानं माझ्याकडं पाहिलं. मी भुवईतला कापूस काढत राहिलो.

"मंग तुमच्यात अन् आमच्यात फरक काय राह्यला?" गोदाबाई टोमणा मारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला उत्तर देता आलं नाही, आणि ते मला पोरीच्या मरणाइतकंच लागलं.

कारण उत्तर आमच्या घरात होतं. निदान होतं असं आम्ही धरून चाललो होतो. माझ्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावांनी त्यांचं तोंड पाहणं सोडलं. गावच्या विहिरीवर आधीही जागा नव्हती, नंतरही मिळाली नाही. वरून भावकी गेली. लग्नाचं बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. पुढं सरकारी सवलती आल्या, त्या भावांच्या नातवंडांना मिळाल्या. आम्हाला म्हणाले, तुम्ही धर्म बदलला. याबद्दल आमच्या घरात कुणी कुरकुर केली नाही. आजोबा म्हणायचे, हे सगळं एका पारड्यात घाला आणि दुसऱ्या पारड्यात एवढंच घाला की भीती गेली. अमावास्येची गेली, घुबडाची गेली, वांझोटीच्या सावलीची गेली, रांडमुंड बाईच्या तोंडाची गेली. आमचंच पारडं जड आहे. त्या डिसेंबरात मी ते पारडं पहिल्यांदा हातानं उचलून पाहिलं. ते हलकं होतं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मार्था चर्चला निघाली. मी म्हणालो, नको जाऊ.

"गाणं कोण उचलन?" ती म्हणाली.

गाणं दरवर्षी तीच उचलत असे. तिचा आवाज मोकळा आहे. आढ्याला एस्तरचा पाळणा टांगला होता, लाल-हिरवा रंग दिलेला. बाहेर गारठा आणि आत माणसांच्या श्वासांची ऊब, कंदिलाच्या रॉकेलचा वास, नव्या लुगड्यांचा खळीचा वास. मार्थानं गाणं उचललं. आवाज कुठंही कापला नाही. बाया एकेक उठत, झोका देत, परत येऊन बसत. सगळ्यांच्या शेवटी ती उठली, गातगातच. पाळण्याजवळ एस्तर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मार्था जवळ आली तसं एस्तरनं बाळाचं टोपडं हलकेच पुढं ओढलं आणि त्याचा चेहरा झाकला.

तेवढंच झालं. इतर कुणाच्या लक्षातही आलं नसेल. कदाचित एस्तरच्याही नसेल, तिचा हात आपोआप गेला असेल. तिनं आम्हाला त्या दिवसांत दोनदा डबा पाठवला होता, रडली होती, मार्थाच्या पायाशी बसली होती. पण तो हात कुठल्या प्रार्थनेतून आलेला नव्हता. प्रार्थनेच्या फार आधीपासून तो आमच्यात होता.

मार्थाचा हात दोरीपर्यंत गेला होता. तो तिथूनच परत आला. तिनं पदर नीट केला, जागेवर येऊन बसली आणि राहिलेलं गाणं पूर्ण केलं. देवाला आमच्या घरी ये म्हणणारं ते कडवं तिनं सगळ्यांबरोबर म्हटलं. मी पुरुषांच्या बाजूला बसून ऐकत होतो. मला वाटलं, तो आलाच तर आमच्यातलं कुणीतरी आपल्या लेकराचं तोंड झाकून घेईल.

मग पाळकसाहेबांनी दुःखी कुटुंबांसाठी प्रार्थना केली, आमचं नाव घेतलं. सगळे आमेन म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. सकाळी फराळाची ताटं आमच्या घरी इतकी आली की ठेवायला जागा नव्हती. माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. एका वाईट माणसावर रागावून मी मोकळा झालो असतो. इथं प्रत्येक जण चांगला होता, प्रत्येकानं आम्हाला करंज्या दिल्या, आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट दिली नाही.

पुढं आम्हाला मुलगा झाला. त्या वर्षी मंडळीतलं धाकटं लेकरू पुन्हा आमचंच. शांतवनकाका तोवर काठी टेकत चालू लागले होते. तरी ते आले, बरोबर दोन बाया घेऊन, हसतमुख.

"प्रभूसाठी पाळणा द्या हो, माय."

मार्था बाळाला थोपटत होती. "पाळणा थोच हाय, काका."

"हाव, माहीत हाय ना मले."

"कृपाचा."

"आता त्याच्यात लेकरू हसून खेळून राह्यलं. आता काई नाई."

"म्हंजे लाकूड सुधरलं?"

दोन्ही बाया खाली पाहू लागल्या. मार्थाचा आवाज चढला नव्हता. "तिच्या नावानं मागितला असता तं म्या डोक्यावर घेऊन आली असती, काका. याच्या नावानं नाई देत. याच्या नावानं दिला, तं थे अपशकुनीच होती, असं म्याच म्हटल्यासारखं होईन."

काकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "माय, तुह्यं खरं हाय," असं म्हणाले आणि वळून निघाले. बाया त्यांच्यामागं गेल्या. खरं आहे, हे ते आमच्या दारात म्हणाले. पंचांच्या बैठकीत म्हणाले नाहीत.

त्या बैठकीत वेगळंच ठरलं. दरवर्षी एकाचा मागायचा आणि दुसऱ्याचं मन दुखवायचं, हे बरं नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. चर्चनं स्वतःचाच पाळणा करून घ्यावा. मीही त्या बैठकीला होतो. विरोध केला नाही, बाजूनंही बोललो नाही.

पाळणा सुरेख झाला. सागाचा, कोरीव कठड्याचा, वर चकचकीत वॉर्निश. वर्षभर तो चादरीत गुंडाळून आतल्या खोलीत ठेवतात, आणि पोरांना हात लावू देत नाहीत, ओरखडे पडतील म्हणून. नाताळच्या आदल्या संध्याकाळी तो आढ्याला टांगतात. मार्था अजून गाणं उचलते, झोका द्यायला मात्र उठत नाही. बाकी लेकुरवाळ्या बाया आता न भिता झोका देतात. त्या पाळण्याला कसला वास येत नाही. त्यात कधी कुठलं मूल झोपलेलं नाही, म्हणून त्यातून कधी कुठलं मूल गेलेलंही नाही.